टाळ्यांच्या आधीचं

चांगुणाबाईंना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीची टेप त्यांना पाठ होती. वैशू कुठे श्वास घेते, कुठे तो पियानोवाला उगाच पुढे पळतो आणि ती त्याला हळूच मागे ओढून आणते, सगळं सगळं. रविवारी सकाळी पोहे झाले की जयप्रकाश टेप लावायचा. पहिलं गाणं संपायचं, टाळ्या व्हायच्या, मग एक बारीकशी शांतता, आणि पुन्हा टाळ्या. या दुसऱ्या टाळ्या लांबून जवळ येत गेल्यासारख्या वाढायच्या. नेमकं तिथे म्हातारी हात वर करायची.

"परकास, ह्या टाळ्या कशाला रं?"

"गाण्याला, आई."

"गान्याच्या झाल्या की मगाशी. ह्या दुसऱ्या."

"अगं, आवडलं की लोक परत वाजवतात."

"बरं," असं म्हणून ती पुन्हा लसूण सोलायला लागायची.

एकदा नाही, दोनदा नाही, सहा वर्षं हाच सवाल आणि हाच जवाब. आणि दर वेळी जयप्रकाश भलतीकडे बघत जवाब द्यायचा. त्या टाळ्यांच्या आधी काय होतं ते त्याला माहीत होतं. खरं म्हणजे अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं त्याने स्वतःच्या हाताने घालवलं होतं.

हे नीट सांगायचं तर एक्क्याऐंशी सालच्या डिसेंबरात जायला हवं. जयप्रकाश तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर्स क्लार्क होता. भायखळ्याच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली सोडून तो आई-बहिणीला घेऊन वाशीला आला, त्याला चार वर्षं झाली होती. खिडकी उघडली की खाडीचा वास यायचा, पण खिडकी स्वतःची होती. बदललेल्या पत्त्याबरोबर त्याने घरातलं बरंच काही बदलायला घेतलं होतं. 'आये' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं. 'हाय' नाही, 'आहे'. ऑफिसात तो जेपी झाला. म्हातारीने ते कानाआड केलं. वैशाली हसायची आणि मुद्दाम मोठ्यांदा 'आये गं' म्हणून हाक मारायची.

ही वैशाली म्हणजे अजब पोरगी. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी जन्मली म्हणून बापाने मोठ्या हौसेने, बुद्धाच्या नगरीवरून, तिचं नाव वैशाली ठेवलं. गोदीत काम करणारा तो बाप लवकर गेला. चांगुणाबाई माझगावला लोबोबाई म्हणून एक पियानो शिकवणाऱ्या होत्या, त्यांच्याकडे धुणी-भांडी-फरशी करायच्या. पोरगी बरोबर जायची. तिथे तिच्या कानावर अमेरिकेतली ती जुनी गाणी पडली, प्रेमाची, विरहाची, हॉटेलांतून आणि क्लबांतून गातात ती. सहाव्या वर्षी एक दिवस तिने अख्खं गाणं सुरात म्हणून दाखवलं, तेव्हा लोबोबाईंच्या हातून चहाचा कप पडायचा राहिला. त्यानंतर त्यांनी तिला आपणहून शिकवलं. मोठी झाल्यावर वैशाली पास्कोल नावाच्या पियानोवाल्याच्या बँडबरोबर लग्नांतून आणि पार्ट्यांतून गायला लागली.

कारखान्याच्या ऑफिसर्स क्लबात त्या डिसेंबरात जाझचा कार्यक्रम ठरला, तेव्हा जयप्रकाशनेच बहिणीचं नाव सुचवलं. सेक्रेटरीने विचारलं, शिक्षण कुठे झालं? हा म्हणाला, "कॉन्व्हेंटमध्ये." म्युनिसिपालटीच्या शाळेचं नाव त्याच्या तोंडून निघेना. एक खोटं बोललं की दुसरं ओघाने येतंच. कार्यक्रमाच्या पत्रकावर छापून आलं, 'मिस व्हॅल'.

"ही कोण बया, दादा?" वैशालीने विचारलं.

"स्टेजचं नाव असतं असं. सगळे ठेवतात."

"मला नाव आहे की."

"एका संध्याकाळपुरतं गं. टेन्शन नको देऊ."

चांगुणाबाईंनी ट्रंकेतून पांढरी साडी काढून ठेवली होती. जयप्रकाशने ती पाहिली आणि म्हणाला, "आई, सगळं इंग्रजीत आहे. अडीच तास खुर्चीत बसून कंबर धरेल तुझी. मी टेप करून आणतो ना, घरी निवांत ऐक." म्हातारी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने साडी पुन्हा ट्रंकेत घातली.

वैशालीने मात्र निघताना त्याला जिन्यात गाठलं. "दादा, आये येत नाही, मग सगळं टेप कर. मी मध्ये मध्ये बोलणार आहे, मराठीत. ते आयेसाठी आहे. गाणी एखादी सुटली तर चालेल, पण बोलणं सोडू नकोस हं."

"हो गं बाई, नाही सोडत."

क्लबाचं टेप मशीन स्टेजच्या अगदी खाली, कोपऱ्यातल्या टेबलावर होतं. जयप्रकाशने नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी आणल्या होत्या. एक लावली, दुसरी खिशात. कानांना घट्ट बसणारे जाड हेडफोन, बाहेरचं काही आत येऊ न देणारे. रेकॉर्डिंग चालू झालं की मशीनवर तांबडा दिवा लागायचा. पॉजचं बटण दाबलं की तो विझायचा. बटणाचा टक् असा आवाज टेपवर येऊ नये म्हणून आधी आवाजाची चकती शून्यावर आणायची, मग बटण दाबायचं, आणि सोडल्यावर चकती पुन्हा हळूहळू वर न्यायची. ही नजाकत तो दोन दिवस मशीन घरी आणून शिकला होता.

पहिलं गाणं झकास झालं. तीनशे माणसं, पुढच्या रांगेत जनरल मॅनेजर आणि त्यांची बायको. टाळ्या थांबल्या. वैशाली माईकजवळ आली आणि म्हणाली, "माझी आये आज इथे नाय, पण..."

आये. नाय. हेडफोनमधून ते दोन शब्द थेट कानशिलात बसले. मॅनेजरची बायको नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलली. कॉन्व्हेंट, मिस व्हॅल, जेपी, सगळं आता ही पोरगी माईकवरून उघडं पाडणार! जयप्रकाशने चकती शून्यावर आणली, ते शब्द पुसले जावेत म्हणून टेप जराशी मागे घेतली आणि बटण दाबलं. हेडफोनमध्ये चिडीचूप झालं. वर बहिणीचे ओठ हलत होते आणि त्याला ऐकू येत नव्हतं. ऐकायचंही नव्हतं. तिने पियानोवाल्याकडे मान वळवली तेव्हा त्याने बटण सोडलं. लोक टाळ्या वाजवत होते.

टेप वाचवायला हवी, असं त्याने स्वतःला सांगितलं. खिशातली दुसरी कॅसेट मांडीला टोचत होती, तिच्यावरचा चकचकीत कागदसुद्धा काढलेला नव्हता. तरी सांगितलं.

दुसऱ्या वेळी त्याने ती तोंड उघडायच्या आतच बटण दाबलं. तिसऱ्या वेळीही. त्या तिसऱ्या वेळी मात्र भलतंच झालं. ती बोलता बोलता थांबली, खाली त्याच्या टेबलाकडे बघितलं आणि पुन्हा बोलायला लागली. मग अख्खा हॉल माना वळवून त्याच्याकडे बघायला लागला. मॅनेजरची बायको तर छातीवर हात ठेवून बघत होती. झालं, त्याला वाटलं, कळलं सगळ्यांना. फरशी पुसणारीचा पोर. त्याने मान खाली घातली ती चकतीवरून वर केलीच नाही. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्याला ती खिल्ली वाटली.

शेवटी मेडली होती. पाच गाणी एकाला एक जोडून, मध्ये श्वासाचीही फट नाही. तिथे बोट घालायला जागाच नव्हती, म्हणून तेवढी अकरा मिनिटं अखंड राहिली. चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या सांध्यावर वैशालीने शब्द सोडून नुसती एक गुणगुण घेतली. बँडवाल्यांना वाटलं, तिने आयत्या वेळी काहीतरी सुचवलं. टेप ऐकताना चांगुणाबाई तेवढं ओळखायच्या. फरशी पुसताना त्या स्वतःशी गुणगुणायच्या, तेच होतं ते. "हे माझं हाय," त्या म्हणायच्या, आणि जयप्रकाशला टेप मागे घ्यायला लावून पुन्हा ऐकायच्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बंडू म्हणून एक टायपिस्ट होता, तो धावतच आला. "जेपी, काल तुमच्या बहिणीने काय बोलून दाखवलं हो! आमच्या हिच्या तर डोळ्यांत..."

"बंडू, कालचे इंडेंट टाईप झाले का? कामाचं बोल."

बंडूचं तोंड एवढंसं झालं. नंतर कुणी विषय काढला नाही. माणूस स्वतःच्या कानांत बोळे कोंबायला लागला की लोकही किती ओरडणार!

रविवारी टेप घरी लागली. तिघंही बसली होती. पहिलं गाणं, टाळ्या, फट, पुन्हा टाळ्या. जयप्रकाश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. चांगुणाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "ह्या टाळ्या कशाला रं?" वैशालीनेच उत्तर दिलं, "गाण्याला, आये." आणि उठून चहा टाकायला गेली. भांडणार, रडणार, निदान दोन शब्द सुनावणार, असं त्याला वाटत होतं. तिने चहा आणला, साखर बरोबर घातलेली. त्याने मनात म्हटलं, तिच्या लक्षातच नाही आलं. सुटलो. गाढव कुठला!

पुढे वैशाली मुंबईच्या एका हॉटेलात वर्षभर गायली. मग कावीळ झाली. गावठी औषध झालं, डॉक्टर झाले, हॉस्पिटल झालं, आणि त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत पंचविसाव्या वर्षी ती गेली. पास्कोल आला होता. जाताना जयप्रकाशला म्हणाला, "गाना तो फर्स्ट क्लास, लेकिन वो वाशी का प्रोग्राम के बाद स्टेज पे एक शब्द बात नहीं किया उसने. गायेगी, नमस्ते करेगी, जायेगी. लोग बोलते थे, बडी घमंडी है." जयप्रकाशने ते ऐकलं आणि कितीतरी वेळ चपला शोधत राहिला. त्या त्याच्या पायांतच होत्या.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत पाचवा स्मृतिदिन आला. चांगुणाबाई म्हणाल्या, "या खेपेला मानसं बोलव. वैशूची टेप समद्यांना ऐकवू." जासईहून मारोतीमामा येणार, महाडकडचे गाववाले येणार, शेजारपाजार येणार. आदल्या दिवशी जयप्रकाशने बायकोला, नंदिनीला, सगळं सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण हे तिलाही सांगितलेलं नव्हतं.

"एवढंच ना? मग आज आत्ता सांगून टाका आईंना," नंदिनी म्हणाली.

"काय सांगू? की तुझी पोरगी तुझ्याशी बोलत होती आणि मी लाजेने तिचं तोंड बंद केलं?"

"तेच सांगा."

"आणि आईने विचारलं, काय बोलत होती, तर? मला माहीतच नाही गं. मी ऐकलंच नाही." तो मटकन खाटेवर बसला. "कुणी विचारलंच तर म्हणेन, ती बोललीच नाही. संपला विषय."

नंदिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. त्रिसरण-पंचशील झालं. वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसली, चांगुणाबाई त्यांच्या मधोमध, तीच पांढरी साडी नेसून. जयप्रकाशने टेप लावली. पहिलं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि त्या दुसऱ्या टाळ्या लांबून जवळ यायला लागल्या.

मारोतीमामा पडले मोकळ्या तोंडाचे. "गानं ग्वाड हाय, पन कळत नाय कायबी. पोरगी आपल्या बोलीत कायच बोलली नाय व्हय रं, परकास? आन ह्या टाळ्या कशाच्या?"

सगळ्यांच्या नजरा जयप्रकाशवर. तो बोलायला गेला, "नाही मामा, ती..."

"बोलली," चांगुणाबाई म्हणाल्या. "परकास, थोडी मागं घे. आन पयल्या टाळ्या झाल्या की बंद कर."

त्याने टेप मागे घेतली. गाण्याच्या टाळ्या ओसरल्या तसं बटण दाबलं. पुन्हा तेच बोट, पुन्हा पॉजचंच बटण.

म्हातारीने पदर सारखा केला, आणि धडा म्हणावा तसं खडखडीत आवाजात सांगितलं, "'माझी आये आज हितं नाय, पन ही टेप तिच्यासाठी हाय. त्या कागदावर दुसरंच काय छापलंय. माझं नाव वैशाली. माझ्या बापानं ठेवलेलं. त्याला त्या नावाचा लई अभिमान व्हता, आन मलाबी हाय.' असं बोलली. सोड आता."

त्याने बटण सोडलं. टाळ्या आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या टाळ्यांना अर्थ आला. खोलीत कुणीतरी नाक ओढलं.

दुसरं गाणं झालं. चांगुणाबाईंनी हात वर केला. त्याने बटण दाबलं.

"'ही गानी मला कशी येतात? माझी आये ज्या बाईंच्या घरी फरशी पुसायची, तिथं पियानोखाली बसून मी ती ऐकली. आये पियानोखालची फरशी समद्यात शेवटी पुसायची. म्हंजे मला जास्ती येळ बसायला मिळायचं.' सोड."

टाळ्या. मारोतीमामांनी उपरण्याने डोळे पुसले. जयप्रकाशला वाटत होतं, इथेच थांबावं, तिसरं गाणं येऊच नये. त्या तिसऱ्या वेळच्या वळलेल्या माना अजून त्याच्या मानेवर होत्या. पण टेप कुणासाठी थांबते? गाणं आलं, संपलं. हात वर झाला.

आता म्हातारी माणसांकडे बघत नव्हती, लेकाकडे बघत होती.

"'तिथं मशीनपाशी मान खाली घालून बसलाय ना, तो माझा दादा. मी ल्हान व्हते तवा चार वर्सं दर आइतवारी त्यानं मला शिकायला न्हेलं. बाई मला वर घरात घ्यायच्या. हा खाली जिन्यात बसायचा, पुस्तक घिऊन, दोन दोन तास. येताना मी झोपले तर खांद्यावर. ही समदी गानी त्यानं जिन्यात बसून ऐकल्यात. आज तो पयल्यांदा पुढं बसलाय. टाळ्या मला नको, त्याला वाजवा.'"

जयप्रकाशला तो जिना आठवला. थंडगार दगडी पायऱ्या, भूगोलाचं पुस्तक, वरून येणारा पियानो, आणि मानेवर झोपलेल्या पोरीचा गरम श्वास. इतकी वर्षं तो ते विसरला होता. ती विसरली नव्हती. बोट बटणावर तसंच राहिलं, उचलेचना.

"सोड की," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "तुझ्या टाळ्या हायेत त्या."

नंदिनीने पुढे होऊन त्याचं बोट बाजूला केलं आणि बटण सोडलं. टाळ्या लांबून आल्या, वाढल्या, आणि तो माणसांसमोर ढसाढसा रडला.

दुपारी जेवणं उरकून माणसं पांगली. मारोतीमामा जासईच्या गाडीला गेले. जयप्रकाश आईपाशी जमिनीवर बसला. फार दिवसांनी त्याच्या तोंडून जुनी हाक आली.

"आये, तुला हे शब्दन् शब्द पाठ कसं?"

"तिनंच पाठ करून घेतलं. तू मशीन परत द्याया गेलेलास ना दुसऱ्या दिशी, तवा. म्हनली, आये, मी बोलाया लागले की दादाच्या मशीनवरचा तांबडा दिवा इझायचा. तीनदा इझला. त्याचं नाव घेतलं तवाबी इझलेलाच व्हता. माझं बोलनं टेपमधी नसनार, म्हनून तूच ध्यानात ठेव. तीन बारी वदवून घेतलं माझ्याकडनं."

"मग मला बोलली का नाहीस कधी? शिव्या घालायच्या होत्यास!"

"तीच म्हनली, दादाला बोलू नको. त्याची त्यालाच लाज वाटंल, आन सांगंल तो आपनहून. ती व्हती तवर वाट बघितली तिनं. मंग मी बघितली. म्हनून तर इचारत व्हते दर आइतवारी."

पुढच्या रविवारी पोहे झाले, टेप लागली. पहिलं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मग दुसऱ्या टाळ्या आल्या. जयप्रकाश आईच्या हाताकडे बघत बसला होता. म्हातारीने हात वर केला नाही, ती लसूण सोलत राहिली.